किरमिजीची सुलट बाजू

बबनरावांच्या दुकानात साडी घेऊन गेलं की ते आधी साडीकडे बघतच नसत, आपल्या तोंडाकडे बघत. चष्मा कपाळावर, कानामागे शिसपेन्सिल आणि प्रश्न ठरलेला : "ह्याला तुमी काय म्हंता?" गिऱ्हाईक म्हणे, ब्लाउजपीस हवाय, मॅचिंग. "त्यो देतोच. पर रंगाला काय म्हंता?" नाव सांगितल्याशिवाय फळीवरचा एकही गठ्ठा खाली यायचा नाही. हडपसरच्या बाजारात शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकाला जवळजवळ हाताला धरून आत ओढत होते, आणि हा माणूस आपल्या आठ फुटी मॅचिंग सेंटरच्या दारात प्रवेशपरीक्षा घेत होता. तरी गर्दी त्याच्याकडेच असायची.

मला हे पहिल्याच दिवशी खटकलं. परीक्षा घेणं हा खरं तर माझा व्यवसाय. लोणी काळभोरकडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते आणि रंगांच्या शब्दांवर एक पुस्तक लिहीत होते. बारा वर्षं लिहीत होते. घरात चपलांच्या खोक्यांत भरलेली कार्डं होती, निळ्याचं एक खोकं, पिवळ्याची दोन, तांबड्याची पाच. कुठला शब्द कुठून निघाला, कुठल्या बंदरात उतरला, कुणाच्या तोंडी जाऊन कसा झिजला, हे सगळं कोशांमधून उतरवून घेतलेलं. मी मूळची पेठेतली. हडपसरला फ्लॅट घेतला तो परवडला म्हणून, आणि 'आहे'ला 'हाय' म्हणणाऱ्या माणसाकडून मला भाषेबद्दल काही शिकायचं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

भाचीच्या लग्नात आईला तिची जुनी रेशमी साडी नेसायची होती. ब्लाउज अंगाला होईना, म्हणून आम्ही दोघी गेलो. प्रश्न आला. मी म्हटलं, "मरून." तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आयुष्यभर वर्गात उभी राहिलेली बाई, मी पुढे बोललेच. मरून हा शब्द फ्रेंचांचा, तिकडे कवचाचं एक तपकिरी फळ असतं, थंडीत भाजून खातात, त्याच्यावरून हे नाव पडलं, वगैरे.

बबनरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "तुमी खाल्लंय?"

"नाही."

"मंग ज्ये खाल्लं न्हाई त्येचं नाव आपल्या लुगड्याला कशापायी?" असं म्हणाले खरे, पण कानामागची पेन्सिल काढून वहीत काहीतरी टिपलंही. मग आईकडे वळले. "आई, तुमी काय म्हंता ह्याला?"

आई स्टुलावर बसून घाम पुसत होती. ती सहज म्हणाली, "किरमिजी. माझी आई म्हणायची. तिची आईसुद्धा."

माझ्या तांबड्याच्या तिसऱ्या खोक्यात किरमिजीची एकोणीस कार्डं होती. बोलण्यातून हा शब्द गेला, आता फक्त कोशात उरला, असं मी पहिल्या कार्डावर ठामपणे लिहून ठेवलं होतं. आणि तो माझ्याच घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, ऐंशी वर्षं सुखरूप होता. घरी आल्यावर मी आईला फैलावर घेतलं. म्हटलं, मी इतकी वर्षं या शब्दाच्या मागे आहे, आणि तू हे मला सांगितलं नाहीस? ती साडीची घडी घालत म्हणाली, "तू कधी विचारलंस? तू कोश बघतेस." आणि ती चहा ठेवायला गेली. आईने शब्द दिला याचं दुःख नव्हतं, तो दुकानदाराला दिला याचं होतं.

त्यांची कामाची रीत मात्र बघण्यासारखी होती. गिऱ्हाइकाने परवानगी दिली की साडीच्या आतल्या, निरीत दडणाऱ्या टोकाची चार बोटांची चिंधी ते कातरत. ती वहीच्या पानावर, फक्त तिच्या वरच्या कडेला टाचणी मारून, लावत आणि वर गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाव लिहीत. शाळेच्या दोनशे पानी वह्या एकीला एक दोऱ्याने शिवून केलेलं ते बाड होतं. मग तीनचार पीस आणि साडी घेऊन ते गिऱ्हाइकासकट थेट रस्त्यावर जात. रिक्षा हॉर्न वाजवत, बसवाला शिव्या देई, बबनराव रस्त्याच्या कडेला उन्हात पीस साडीवर ठेवून शांतपणे बघत. "ट्यूबखाली समदे रंग गोड बोलत्यात," ते म्हणत. "उन्हात बोलू द्या, मंग कळतंय." दुसरं त्यांचं नेहमीचं वाक्य असं, "मॅचिंग म्हंजे सारखं न्हवं. शेजारी बसलं तर भांडत न्हाई, त्ये मॅचिंग."

त्या लग्नानंतर आईला त्या दुकानाचा नाद लागला. मॅचिंगला काही नसलं तरी ती दुपारी जाऊन स्टुलावर बसायची. आमच्याकडे पूर्वी जेवताना 'पेपरात आलंय' अशी सुरुवात व्हायची, तिथे आता 'बबनराव म्हणतात' आलं. बबनराव म्हणतात, आंध्रातली पोरं पिवळ्याला हळदीचंच नाव देतात. बबनराव म्हणतात, गुलाबी हा मुळी रंगच नाही, ते फूल आहे, रंग आपण मागून चिकटवला. मी एकदा म्हटलं, "गुलाबी फारसीतून आलाय, मी तुला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं." आई म्हणाली, "हो, पण तू सांगितलंस ते लक्षात नाही राहिलं." लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली की पहिली वाटी आता दुकानात जाऊ लागली. ते तिला 'आई' म्हणत, आणि ती 'ओ' देत असे. पन्नाशी उलटलेल्या बाईने असल्या गोष्टींवरून जळावं हे शोभत नाही, मला कळत होतं. पण जळत होते, आणि चांगली धूर निघेपर्यंत जळत होते.

खरा घाव पुढेच बसला. एका शनिवारी आईला आणायला गेले तर दुकानात दोन मुली उभ्या होत्या, दोघी जवळच्या आयटी पार्कमधल्या. एक तमिळ, एक बंगाली. तमिळ मुलीच्या हातात माझ्या आईच्या साडीच्या रंगाची, थोडी गडद साडी होती. बबनरावांचा प्रश्न झाला. ती हिंदीत म्हणाली, "हमारे यहाँ इसको अरक्कू बोलते हैं, अंकल."

"अरक्कू म्हंजे क्या?"

तिला माहीत नव्हतं. कुठल्याही शहाण्या दुकानदाराने विषय सोडला असता. बबनराव म्हणाले, "मम्मी को पूछो ना." आणि त्या मुलीने खरंच दुकानात उभं राहून मदुराईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक बाई आली, हातात भाजीची सुरी. मुलीने विचारलं, बाई हसली, काहीतरी बोलली. मुलीने सांगितलं, अरक्कू म्हणजे लाख. पार्सलला सील लावतात ती. बंगाली मुलगी म्हणाली, आमच्याकडे पायाला लावतो तो आलता, तो पण जुन्या काळी लाखेचाच.

बबनरावांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "लाख म्हंजे किडा की हो! आमच्या रानात बोरीच्या फांदीला बसायची. म्हातारी खरवडून काडायची. कुटं मदुराई, कुटं कलकत्ता, आन् रंगाखाली किडाच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मंग आपल्या किरमिजीखाली काय हाय?"

मला ठाऊक होतं. माझ्याइतकं त्या बाजारात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. किरमिजीखालीही किडाच होता. संस्कृतात कृमिज, म्हणजे किड्यापासून झालेला. फारसीत किडा तो किर्म, अरबीत रंग तो किर्मिज, तुर्कांनी त्याच शब्दाने नुसता लाल दाखवला, आणि स्पेनवरून हिंडत हिंडत तो इंग्रजांकडे क्रिमसन झाला. लॅटिनमध्ये निराळा शब्द, पण त्याचाही अर्थ बारीक किडा, त्यातून व्हर्मिलियन. पोलंडातल्या लाल शब्दाच्या पोटात अळी. हे सगळं माझ्याकडे कार्डांवर होतं. नव्हतं ते एवढंच, की हा धागा आपल्या दक्षिणेत आणि पूर्वेत आज बायकांच्या तोंडी जिवंत आहे, साड्यांच्या दुकानात रोज बोलला जातो. माझ्या पुस्तकाला बारा वर्षं जे प्रकरण मिळत नव्हतं ते बबनरावांना एका शनिवारी एका फोनवर मिळालं होतं. मी त्यांना काय उत्तर दिलं असेल?

"अभ्यास चालू आहे," मी म्हटलं. "नक्की झालं की सांगेन."

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "जागा ठिवतो."

इतका कंजूषपणा मी आयुष्यात कधी भाजीवालीशीही केला नाही.

आणि पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट केलं. बबनराव एका गिऱ्हाइकाला घेऊन उन्हात गेले होते, आई डुलकी काढत होती, वही समोर उघडी होती. मी मोबाइल काढला आणि पानांमागून पानं टिपली. चाळीसेक तरी असतील. हात थरथरत होता असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण थरथरत नव्हता. फोटो छान आले.

चार महिन्यांनी शहरातल्या एका सभागृहात माझं व्याख्यान ठरलं, 'किरमिजी : एका रंगाचा प्रवास'. पुस्तक छापायला जायच्या आधीचं हे व्याख्यान, आणि ते ऐकायला ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसं येणार होती. सकाळी आई म्हणाली, "मी बबनरावांना घेऊन येते. त्यांना कळू दे तू काय करतेस ते." मी नको म्हणायला कारण शोधत होते, तोवर तिने फोन लावलासुद्धा. ते दुकान बंद करून आले. दुपारी दुकान बंद ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पेन्सिल कानामागेच. आई पहिल्या रांगेत बसली आणि ते संकोचाने मागे, दारापाशी.

व्याख्यान रंगलं. फारसी झालं, अरबी झालं, लॅटिनला सभागृह हललं. मग मी अरक्कू आणला, आलता आणला, आणि पडद्यावर वहीची पानं दाखवत म्हटलं, "ही उदाहरणं माझ्या संग्रहातली." मागे बघायचं मी टाळलं. शेवटचं पान आलं. त्यावर आईच्या साडीची चिंधी, वर लिहिलेलं 'किरमिजी'. मी म्हटलं, "आणि हा तो रंग."

आई पहिल्या रांगेतून म्हणाली, "हा नव्हे."

तिचा आवाज म्हाताऱ्या माणसांचा असतो तसा, हळू बोलतोय असं वाटून मोठा येणारा. "माझी साडी आहे ती. ती अशी विटक्या विटेसारखी नाही."

मी पडद्याकडे बघितलं. खरंच तो रंग मेलेला दिसत होता. सभागृहात कुणीतरी खाकरलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, ज्यांच्या अभिप्रायावर माझं पुस्तक अवलंबून होतं, पेन उघडलं. ज्या चिंधीला मी कधी हातही लावला नव्हता तिच्याबद्दल मी काय सांगणार होते?

तेव्हा दारापाशी बबनराव उभे राहिले. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "वहीत मी कापड उलटं लावतो. रेशमाची सुलट बाजू आत, कागदाकडं. दिवसभर लोकं हाताळत्यात, उजेड खातंय, घाम लागतोय. रंग टिकायचा तर त्यो आत पायजे. मॅडमला देताना सांगायचं ऱ्हाऊन गेलं." आणि खाली बसले.

मॅडमला देताना! त्यांनी मला काही दिलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मला. पडदा बघितल्या क्षणी त्यांना सगळं कळलं असणार, आपल्या टाचण्या ओळखू येत नाहीत असा तो माणूस नव्हता. तरी त्यांनी चोरीची देणगी करून टाकली. मला एवढंच म्हणायचं होतं, की ही वही या गृहस्थांची. चार शब्द. माईक हातात होता. मी "धन्यवाद" म्हटलं आणि समारोपाकडे वळले. टाळ्या भरपूर पडल्या.

पायऱ्यांवर ते भेटले. "भाषन झ्याक झालं. लॅटिनचं मला ठावं नव्हतं." तोंडावर राग नाही, टोमणा नाही, आणि त्यामुळेच मला ते सहन झाले नाहीत. चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढे निघून गेला होता. मी रिक्षा आल्याचं निमित्त करून निघाले. घराचं कुलूप काढताना आई म्हणाली, "नाव घ्यायला इतकं जड गेलं तुला?"

पुस्तक निघालं. ऋणनिर्देशात 'अनेकांचे साहाय्य झाले' असं वाक्य आहे, त्या अनेकांत बबनराव कुठेतरी असतील. मी त्या बाजारातून जाणं सोडलं आणि तयार ब्लाउज घ्यायला लागले. आई मात्र शेवटपर्यंत जात राहिली. ती गेली तेव्हा ते स्मशानात आले होते, लांब उभे होते. मी दोन हात जोडले, त्यांनी जोडले. गेल्या दिवाळीनंतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं, की मॅचिंगवाले काका झोपेतच गेले. खाली हात जोडल्याची चाळीस चित्रं होती. मीही एक टाकलं.

महिन्याभराने आईची साडी पिशवीत घालून गेले. ब्लाउज आता माझ्या मापाचा हवा होता, हे खरं कारण, आणि ते पुरेसं नव्हतं हेही खरं. गल्ल्यामागे बबनरावांची सून होती. पंजाबी ड्रेस, कानामागे पेन्सिल. साडीकडे न बघता तिने विचारलं, "ह्याला तुम्ही काय म्हणता?"

"किरमिजी."

तिने मान वर केली. "तुमी मॅडम का? आईंच्या?" तिने खालून वही काढली. "मामांनी, आमच्या सासऱ्यांनी, सांगून ठेवलंय, मॅडम आल्या की त्यांचं पान द्यायचं." तिने ते पान काढलं आणि चिंधी टाचणीवरून वर उलटली. मी एवढे फोटो काढले होते, पण चिंधी उलटून कधी बघितली नव्हती. सुलट बाजू लग्नाच्या दिवशी असेल तशी होती, ओली वाटावी इतकी ताजी. आणि जिथे ती कागदाला टेकत होती तिथे, झाकलेल्या जागेत, पेन्सिलीने लिहिलं होतं : 'शब्द आईंचा. मूळ : मॅडम सांगणार.' खाली तीन ओळी कोऱ्या होत्या.

"समद्यांच्या खाली असतं," सून म्हणाली. "कुणी सांगितलं त्यांचं नाव. मामा म्हणायचे, रंग आणि नाव, दोन्ही उजेडापासून जपायचं."

मी पानं उलटत गेले. अरक्कूखाली त्या मुलीचं नाव होतं, तिच्या आईचंही. आलत्याखाली बंगाली मुलीचं. एका जागी मरून होता. चिंधी वर केली. 'शब्द मॅडमचा. फ्रेंच फळ. त्यांनी खाल्लेलं न्हाई, पर माहिती पक्की.'

हसू आलं आणि मग डोळ्यांतून पाणी आलं, त्या क्रमाने. माझ्या एका फुशारकीलाही त्यांनी माझं नाव लावून ठेवलं होतं. मला त्यांचा हेवा वाटायचा तो त्यांच्याकडे शब्द चालत येतात म्हणून. आता वाटतो तो यासाठी, की ज्याचं त्याला देताना या माणसाला कधी काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. हा हेवा काही जायचा नाही.

मी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली. तीन ओळींत कृमिज, किर्म, किर्मिज, क्रिमसन सगळं बसवलं, बारा वर्षं तीन ओळींत आरामात बसली. मग वरच्या ओळीतला 'मॅडम' खोडला आणि तिथे 'बबनराव' लिहिलं.

"अहो, खोडलं का?" सून म्हणाली. "मामा तर म्हणायचे, ह्ये तुमीच सांगणार."

"सांगितलं त्यांनीच," मी म्हटलं. "मी नुसतं कापड उलटं दाखवलं."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. तिने चिंधी सारखी केली, सुलट बाजू आत, आणि माझी साडी उचलून चपला पायात सरकवल्या. "चला मॅडम," ती म्हणाली, "उन्हात बघू."